विश्लेषण : ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’चा चित्रकार ते बुरशीरोगाचा शोधक... डॉ. हेन्री कार्टर कोण होते? बुलढाण्यात त्यांचे काम आजही का महत्त्वाचे?

शरीररचनाशास्त्रातील सर्वात प्रसिद्ध पुस्तकाची चित्रे काढणाऱ्या डॉक्टरने आयुष्याची 30 वर्षे मुंबई इलाख्यातील रोग तपासण्यात घालवली. शेतकऱ्याचा पाय पोखरणारा आजार बुरशीचा आहे, हे त्यांनी 1860 मध्ये मांडले. औषधांना दाद न देणाऱ्या बुरशींच्या काळात त्यांच्या कामाकडे पुन्हा पाहण्याची वेळ का आली आहे?

बुलढाण्यात बुरशीचा विषय कुठून आला?

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून एक विचित्र तक्रार पुढे आली. माणसांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांत अनेकांना टक्कल पडले. पहिला संशय बुरशीच्या संसर्गावर गेला. आरोग्य पथकांनी पाण्याचे आणि रुग्णांच्या त्वचेचे नमुने घेतले. पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, तपासाची दिशा बदलली आणि चर्चा सेलेनियम या मूलद्रव्यापर्यंत पोहोचली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले व गव्हातील जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले.

बुरशीचा संशय येणे चुकीचे नव्हते. पण नमुना तपासला म्हणून दिशा बदलता आली. एरवी गावात नेमके उलटे घडते. बुरशी खरोखर असते, पण ती कुणी तपासत नाही. वासराच्या मानेवरचे गजकर्ण, धार काढणाऱ्याच्या हातावरचा नायटा, काटा रुतल्यानंतर पायात वर्षभर वाढणारी न दुखणारी गाठ, या सगळ्यांवर अंदाजाने मलम लावले जाते. आजारावर नाव चिकटवण्याआधी तो उघडून पाहायचा, ही सवय महाराष्ट्रातील वैद्यकाला लावणाऱ्या पहिल्या पिढीत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचे नाव येते.

कार्टर कोण होते?

कार्टर यांचा जन्म 22 मे 1831 रोजी इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार. समुद्रकिनाऱ्यावरच्या स्कारबरो गावात मुलाचे बालपण गेले. घरात रंग, कागद आणि निरीक्षणाची शिस्त होती. मुलगा मात्र वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात दाखल झाला. 1852 मध्ये तो शल्यचिकित्सक म्हणून पात्र ठरला. त्यानंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्याने माणूस आणि प्राणी यांच्या तुलनात्मक शरीररचनेचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्याचे शिक्षण तिथेच मिळाले.

सेंट जॉर्जमध्ये हेन्री ग्रे हे महत्त्वाकांक्षी शल्यचिकित्सक होते. विद्यार्थ्यांना परवडेल आणि समजेल असे शरीररचनेचे पुस्तक त्यांना काढायचे होते. मजकूर ग्रे लिहिणार आणि चित्रे कार्टर काढणार, असे ठरले. 1856 आणि 1857 ही दोन वर्षे दोघांनी शवविच्छेदनगृहात काम केले. कार्टर चित्रे थेट लाकडी ठोकळ्यांवर उलटी काढत, म्हणजे छापल्यावर ती सुलटी दिसत. अवयवाचे नाव बाजूला यादीत न देता त्याच अवयवावर लिहिण्याची पद्धत त्यांनी अवलंबली. स्नायूचे नाव स्नायूवर, धमनीचे नाव धमनीवर. विद्यार्थ्याला पान उलटून आकडे शोधावे लागत नव्हते.

पुस्तक 1858 मध्ये बाहेर आले. त्यात 363 चित्रे होती. आजवर त्याच्या 40 हून अधिक आवृत्त्या निघाल्या. पण श्रेयाची वाटणी सरळ झाली नाही. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टर यांचे नाव ग्रे यांच्या नावाच्या बरोबरीचे होते. ग्रे यांनी ते लहान टंकात करायला लावले आणि कार्टर यांच्या नव्या पदाचा उल्लेख खोडला. कार्टर यांना एकरकमी 150 पौंड मिळाले. पुढच्या आवृत्त्यांच्या उत्पन्नात त्यांचा वाटा नव्हता. ग्रे 1861 मध्ये देवीच्या रोगाने वयाच्या चौतिशीत वारले आणि पुस्तक त्यांच्याच नावाने अजरामर झाले.

मुंबईला ते का आले?

पुस्तक छापून होण्याआधीच कार्टर यांनी लंडन सोडले होते. लंडनमध्ये नाव कमवायला ओळखी आणि पैसा लागत असे. कार्टर यांच्याकडे दोन्ही नव्हते. त्यांच्या रोजनिश्या आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. धर्मश्रद्धेविषयीची घालमेल आणि आपण मागे पडत असल्याची खंत त्यांत वारंवार दिसते. 1858 मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेतून मुंबईत दाखल झाले. 1857 च्या उठावाची धग अजून पूर्ण विझली नव्हती.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक म्हणून नेमले गेले. 1845 मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजातून भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिल्या तुकडीचे पदवीधर बाहेर पडून जेमतेम सात वर्षे झाली होती. शेजारीच भायखळ्याचे जमशेटजी जिजीभॉय रुग्णालय, म्हणजे आजचे जे. जे. तिथे त्यांना असे रुग्ण दिसू लागले, जे लंडनच्या वॉर्डात कधी आले नव्हते.

‘पायातले वारूळ’ म्हणजे कोणता आजार?

रुग्ण बहुतेक अनवाणी काम करणारे शेतकरी किंवा मजूर असत. कधीतरी पायात काटा रुतलेला असे. जखम भरून येई आणि विसरली जाई. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या जागी एक टणक गाठ येई. ती दुखत नसे, म्हणून कुणी लक्ष देत नसे. मग पाऊल सुजून बेढब होई, त्यावर छिद्रे पडत आणि त्यांतून पातळ पू वाहू लागे. पुवाबरोबर खसखशीसारखे बारीक दाणे येत. काहींचे दाणे काळे, काहींचे पांढरट किंवा पिवळसर, क्वचित कुणाचे लाल.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘वल्मीक’ नावाचा विकार सांगितला आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. भोके पडलेले पाऊल पाहिले की हे नाव का पडले असावे ते लगेच कळते. इंग्रज डॉक्टरांनी 1840 च्या दशकात मदुरेच्या दवाखान्यात असे रुग्ण नोंदवले, तेव्हापासून त्याला ‘मदुरा फूट’ म्हटले जाऊ लागले. पण गावाच्या नावाने कारण कळत नाही. अनेक डॉक्टर रोगाचे मूळ हाडातच शोधत आणि शेवटी पाय कापत.

कार्टर यांनी कापलेले पाय पुन्हा उघडले. लंडनमध्ये अवयवांचे थर सोडवून चित्रे काढणारा हात इथे उपयोगी पडला. त्यांनी हाडे उभी चिरून पाहिली. आतल्या पोकळ्या आणि त्या जोडणारे बोगदे रंगीत चित्रांत उतरवले. पोकळ्यांत दाण्यांचे पुंजके होते. दाणे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा काळ्या दाण्यांत एकमेकांत गुंतलेले तंतू दिसले. ही रचना बुरशीची होती.

1860 मध्ये मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीसमोर त्यांनी हे मांडले आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थ बुरशीची गाठ. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा अजून रुजायचा होता. बाहेरून आलेली एक सूक्ष्म वनस्पती माणसाचे हाड पोखरते, हे म्हणणे धाडसाचे होते. 1874 मध्ये या विषयावरचा त्यांचा सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची चूक कुठे झाली?

काही नमुन्यांवर कार्टर यांना गुलाबी रंगाची बुरशी वाढलेली दिसली. हीच रोगाची बुरशी असावी, असे त्यांना वाटले. इंग्लंडमधील नामवंत बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी तिला कार्टर यांच्याच नावावरून ‘कायोनिफी कार्टेरी’ म्हटले. पण कोलकात्याचे टिमोथी लुईस आणि डेव्हिड कनिंगहॅम यांनी 1875 च्या अहवालात या दाव्यावर कठोर टीका केली. गुलाबी बुरशी बरणीत नंतर आलेली उपरी होती. हवेतले बीजाणू कुठेही पडून वाढतात, तशी.

चूक समजण्यासारखी होती. एकच जंतू वेगळा काढून वाढवण्याची खात्रीची पद्धत 1880 च्या दशकात आली. त्याआधी बरणीत जे उगवले ते रोगाचे की हवेतले, हे ठरवणे अवघड होते. या वादामुळे बुरशीचा मूळ सिद्धांतही काही काळ संशयात सापडला. कार्टर यांची एक नोंद मात्र टिकली. काळ्या दाण्यांचा रोग आणि फिकट दाण्यांचा रोग त्यांनी पहिल्यापासून वेगळे मांडले होते.

साताऱ्यात आणि नंतर त्यांनी काय केले?

1863 ते 1872 या काळात कार्टर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. शहरातील प्रयोगशाळा मागे पडली, पण खेड्यांतील रुग्ण जवळ आले. इथे त्यांचे लक्ष कुष्ठरोगाकडे वळले. कुठल्या गावात किती रुग्ण, घरात आणखी कुणाला आजार, अशा नोंदी त्यांनी जमवल्या. त्या काळी कुष्ठरोग रक्तातून वारशाने येतो, हा समज युरोपातल्या डॉक्टरांतही पक्का होता. रजेच्या काळात कार्टर स्वतः नॉर्वेला गेले. बर्गन येथे गेरहार्ड हान्सन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. तिथली रुग्णालये आणि हान्सन यांचे काम पाहून कार्टर यांनी भारत सरकारला अहवाल दिला. हा रोग संसर्गाचा आहे, असे त्यांचे मत झाले. रुग्णांना वेगळे ठेवण्याचा त्यांचा आग्रह आजच्या दृष्टीने कठोर वाटतो, पण तेव्हा दुसरे साधनच नव्हते.

भारतात परतल्यावर ते मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आणि पुढे पुन्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. 1876 ते 1878 या दुष्काळात दख्खनमधून भुकेल्या माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. ताप उतरे, रुग्ण बरा वाटे आणि आठवड्याभरात पुन्हा फणफणे. बर्लिनच्या ओटो ओबरमायर यांनी या रोगात रक्तात नागमोडी जंतू पाहिले होते. कार्टर यांनी मुंबईच्या रुग्णांत तेच जंतू शोधले, माकडांना संसर्ग देऊन रोग सिद्ध केला आणि 1882 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. काम करता करता त्यांना स्वतःलाही हा ताप आला. हा ताप अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे पुढे 1907 मध्ये पर्सिव्हल मॅकी यांनी नाशिकमधील साथीच्या अभ्यासातून दाखवले.

मुंबईतील उंदराच्या रक्तातही कार्टर यांना एक सूक्ष्म नागमोडी जंतू दिसला. त्याची नोंद त्यांनी 1880 च्या दशकात केली. उंदीर चावल्याने येणाऱ्या तापाशी त्याचा संबंध जपानमध्ये सिद्ध व्हायला आणखी तीन दशके लागली. रोग माणसाला झाला तरी त्याचा धागा जनावरापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांच्या कामातून दिसते.

शेवटची वर्षे कशी गेली?

1888 मध्ये कार्टर निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. मुंबईत झालेला पहिला विवाह सुखाचा ठरला नव्हता. 1890 मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि स्कारबरोत संसार थाटला. त्याच वर्षी त्यांना राणीचे मानद शल्यचिकित्सक नेमण्यात आले. पण हा निवांतपणा फार टिकला नाही. 4 मे 1897 रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

1894 मध्ये, म्हणजे त्यांच्या हयातीतच, यासँत व्हँसाँ यांनी फिकट दाण्यांतील जंतू प्रयोगशाळेत वाढवला. काळ्या दाण्यांची बुरशी बोस्टनमध्ये जेम्स राइट यांनी 1898 मध्ये वाढवली. कार्टर यांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. त्यांनी केलेली काळ्या आणि फिकट दाण्यांची विभागणी बऱ्याच अंशी बरोबर निघाली होती. काळ्या दाण्यांचा रोग खऱ्या बुरशीचा असतो. फिकट दाण्यांच्या रोगात बहुधा बुरशीसारखे तंतू असलेले जिवाणू सापडतात, मात्र काही वेळा तोही बुरशीचा असतो.

दाण्याचा रंग इतका महत्त्वाचा का?

कारण त्यावर औषध ठरते. जिवाणूंच्या मायसेटोमावर प्रतिजैविके चालतात आणि रुग्ण बरे होतात. बुरशीच्या मायसेटोमावर तीच प्रतिजैविके निरुपयोगी. तिथे इट्राकोनाझोलसारखे बुरशीरोधक औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावे लागते, गाठ कापावी लागते आणि तरीही रोग उलटू शकतो. अनेकांच्या वाट्याला आजही पाय कापणे येते. रंग ही पहिली खूण. खात्रीसाठी दाणा सूक्ष्मदर्शकाखाली आणि प्रयोगशाळेत वाढवूनच पाहावा लागतो.

काळ्या दाण्यांची प्रमुख बुरशी ‘मॅड्युरेला मायसेटोमॅटिस’. दाण्याचा काळा रंग मेलॅनिनचा असतो. आपल्या त्वचेला आणि केसांना रंग देणारे हेच द्रव्य. बुरशीसाठी ते चिलखतासारखे काम करते आणि औषधाचा जोर कमी करते. त्यातून बुरशी घट्ट दाण्यात दडलेली असते, आजूबाजूच्या ऊती कडक झालेल्या असतात. औषध रक्तात असते, पण शत्रूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हरणारी बुरशी पायात टिकून राहते ती अशी.

जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा 2016 मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला. 2022 मध्ये संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यातील 19 नावांपैकी अतिजोखमीच्या गटात बुरशीजन्य मायसेटोमाचे जंतूही आहेत.

यात जनावरांचा संबंध कुठे येतो?

मायसेटोमा माणसाकडून माणसाला होत नाही. बुरशी माती आणि काट्यांत राहते. कुत्रे, घोडे यांनाही असा रोग होतो. ‘मॅड्युरेला’च्या जनुकीय नात्यात शेणावर वाढणाऱ्या बुरशी आढळल्याने, शेण आणि गोठ्याची माती हे तिचे एक घर असावे, असा काही संशोधकांचा तर्क आहे. हा तर्क अजून सिद्ध व्हायचा आहे. पण गोठा, काटेरी कुंपण आणि अनवाणी पाय हे चित्र बुलढाण्याच्या कोणत्याही गावात ओळखीचे आहे.

गजकर्णाच्या बाबतीत मात्र तर्काची गरज नाही. वासरांच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, खपलीदार गोल चट्टे येतात. त्यांचे प्रमुख कारण ‘ट्रायकोफायटन व्हेरुकोसम’ ही बुरशी. धार काढताना, वासराला कुरवाळताना ती माणसाच्या हातावर, मानेवर, कधी दाढीत येते. तिचे बीजाणू गोठ्यातल्या लाकडावर, दोरावर महिनोन्‌महिने टिकतात. मांजर आणि कुत्र्याकडून येणारी ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ मुलांच्या डोक्यावर चट्टे पाडते आणि केस तोडते. शेगावात केस गळाल्यावर बुरशीचे नाव आधी निघाले, त्यामागे हा अनुभव होता.

बुरशी औषधाला दाद देईनाशी का होते?

बुरशीविरुद्धची शस्त्रे मुळातच मोजकी आहेत. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी असते, बुरशीची मात्र बरीच जवळची. बुरशीला मारेल आणि माणसाला इजा करणार नाही, असे औषध सापडणे कठीण. महाराष्ट्राचाही या शोधात वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीरोधक शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याच्या नावातच पिंपरी आहे : ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’.

मोजक्या शस्त्रांपैकी एक म्हणजे नायट्यावरचे टर्बिनाफिन. ते बुरशीच्या पेशीतील एका विकराला जखडते आणि तिचे बाह्य आवरण बनू देत नाही. गेल्या दशकात भारतात पसरलेल्या नायट्याच्या एका बुरशीत हा विकर घडवणारे जनुक बदललेले आढळले. औषधाची पकड सुटते आणि बुरशी वाढत राहते. भारत आणि नेपाळमधील रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी 2020 मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव दिले. आता ती युरोप, अमेरिकेतही पोहोचली आहे. ती मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, टॉवेल, कपडे आणि अंथरुणातून पसरते.

या साथीला हातभार लावणारी वस्तू गावोगावच्या औषध दुकानांत मिळते. बुरशीरोधक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले मलम. स्टिरॉइडने खाज लगेच थांबते, लाली उतरते. पण त्वचेची लढण्याची ताकदही उतरते आणि बुरशी पसरत राहते. मलम थांबवले की चट्टा दुप्पट होऊन परततो. 2018 मध्ये अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याचा नियम झाला, तरी ती सहज मिळतात.

दुसरा धागा शेतातून येतो. सोयाबीनवर, भाजीपाल्यावर फवारली जाणारी हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल आणि रुग्णाला दिले जाणारे इट्राकोनाझोल ही एकाच कुळातील औषधे. नावांची शेपटे सारखी आहेत ती म्हणूनच. फुप्फुसाला ग्रासणाऱ्या ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ या बुरशीत शेतातील फवारणीमुळे प्रतिरोध वाढल्याचे पुरावे आहेत. असे प्रतिरोधक वाण भारतातही सापडले आहेत. रुग्णाने औषधाची एकही गोळी घेतलेली नसताना त्याच्या फुप्फुसात आलेली बुरशी आधीच निर्ढावलेली असू शकते.

मग वाचकाने काय करावे?

पहिली गोष्ट तपासणीची. नायट्याची खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बुरशी आहे की नाही हे थोड्या वेळात कळते. ही तपासणी महागडी नाही. महिनाभर औषध घेऊनही चट्टा हटत नसेल, तर मलम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडून नमुना प्रयोगशाळेत पाठवून घ्यावा. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. घरातील इतरांना त्रास असेल तर सर्वांवर एकदम उपचार हवेत, नाहीतर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते.

वासराला चट्टे असतील तर ते इतर जनावरांपासून वेगळे बांधावे, पशुवैद्यकाला दाखवावे आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. शेतात आणि गोठ्यात पाय झाकणारे जोडे घालावेत. काटा रुतला तर तो पूर्ण काढून जखम धुवावी. पायात न दुखणारी गाठ वाढत असेल किंवा छिद्रातून दाणे येत असतील, तर दुखेपर्यंत थांबू नये. आलेला दाणा पुसून न टाकता स्वच्छ डबीत घेऊन डॉक्टरांकडे न्यावा. गाठ लहान असताना पाय वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कार्टर यांचे महत्त्व काय?

कार्टर यांच्याकडे मायसेटोमावर औषध नव्हते. त्यांच्या काळात उपचार म्हणजे करवत. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे त्यांच्या मुंबई इलाख्याच्या बाहेर होता. त्यांनी निवडलेली गुलाबी बुरशी चुकीची ठरली, आणि ज्या पुस्तकाने जगाला शरीर शिकवले त्यावर आजही दुसऱ्याचे नाव आहे. तरीही कापून टाकलेल्या शेतकऱ्याच्या पायात उत्तर आहे, असे मानून त्यांनी तो पुन्हा उघडला. काळा दाणा आणि फिकट दाणा वेगळे ठेवले. आज दवाखान्यात त्या दाण्याची तपासणी झाली की रुग्णाला प्रतिजैविक द्यायचे की बुरशीरोधक, हे ठरते. चुकीचे औषध वर्षभर घेणे आणि पाय वाचणे यांतला फरक तिथे सुरू होतो.